इंग्रजी शिबिरात गप्प बसणारी मुलं बोलती कशी करायची?

मे महिन्यात गावच्या शाळेत इंग्रजीचं शिबिर घ्यायला निघालेला नवा स्वयंसेवक पहिल्यांदा विचारतो, ‘खेळ कोणकोणते घेऊ?’ खेळांना तोटा नाही, हवे तेवढे मिळतात. अडचण कळते ती दुसऱ्या दिवशी. चाळीसातली आठ-दहा मुलं ‘सर मी, सर मी’ करत पुढे सरकलेली असतात, शिबिर त्यांच्याच जोरावर चाललेलं असतं आणि फोटोही त्यांचेच निघतात. बाकीची भिंतीला टेकून बघत बसतात. विचारलं तर हसतात, मान खाली घालतात, नाहीतर शेजारच्याकडे बोट दाखवतात.

हा लेख त्या भिंतीजवळच्या मुलांसाठी आहे. डोळ्यांसमोर आहेत ती जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित मराठी शाळांतली पाचवी ते आठवीची मुलं. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे सहावीतल्या पोराला इंग्रजी अजिबात येत नाही असं सहसा नसतं. पुस्तकातले, टीव्हीवरचे, मोबाइलवरचे, क्रिकेटच्या मैदानावरचे कितीतरी शब्द त्याच्याकडे असतात. ते तोंडाबाहेर काढायचं कारण मात्र कुणी दिलेलं नसतं. न काढायची कारणं भरपूर: शेजारचा हसेल, सर चूक काढतील, मुलींसमोर शोभा होईल.

म्हणून ‘बोल रे, घाबरू नकोस’ म्हणण्याने काही साधत नाही. उलट अख्ख्या वर्गाच्या माना त्याच्याकडे वळतात. आपण बोललो नाही तर इथे कुणाचं काही अडत नाही, हे त्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. तेव्हा धीर देत बसण्यापेक्षा खेळच असा रचा की त्याच्या बोलण्यावाचून तो पुढे सरकणार नाही. खालच्या पायऱ्या बहुतेक सगळ्या एवढ्याचसाठी आहेत.

१. आधी कागदपत्रं आणि सामान उरका

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. आयत्या वेळी एक पत्र नाही म्हणून पहिला दिवस मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर जातो.

– मुख्याध्यापकांचं लेखी परवानगीपत्र. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर केंद्रप्रमुखांना कळवा, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागेल का तेही त्यांनाच विचारा.
– शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव किंवा निदान अध्यक्षांची सही. समितीत पालकच जास्त असतात, त्यामुळे मुलं पाठवायची जबाबदारी निम्मी तिथेच उरकते.
– पालकांचं संमतीपत्र, मराठीतच. वेळ, ठिकाण, मूल घरी कसं जाणार, फोन नंबर, काही आजार किंवा औषध. फोटो आणि रेकॉर्डिंगची परवानगी वेगळ्या ओळीत घ्या, ‘नाही’ म्हणायची सोय ठेवा.
– स्वयंसेवकांची यादी, ओळखपत्रांच्या प्रती, शक्य तर पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. गटात निदान एक ताई हवीच. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबणार नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत सांगून टाका.
– प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटं आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये.

सामान साधंच: कार्डशीट, स्केचपेन, सुतळी, कपड्यांचे चिमटे, शिट्टी, दोन मऊ चेंडू, जुन्या कॅलेंडरची पानं, रिकामी पाकिटं, शाळेतल्या पाट्या आणि खडू. झेरॉक्स तालुक्यालाच काढून घ्या, गावात दुकान असलं तरी वीज असेलच असं नाही. भिंतीला चिकटपट्टी लावण्याआधी विचारा. रंगाचा पापुद्रा निघाला की मुख्याध्यापकांचा पारा चढतो आणि तो मग शिबिर संपेपर्यंत उतरत नाही. सुतळी बांधून चिमट्याने तक्ते टांगले की प्रश्नच मिटला.

वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात त्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही. बोलण्याचे खेळ पहिल्या दोन तासांत घ्या, कागदकाम शेवटी.

२. मूल गप्प का आहे, ते आधी ओळखा

‘लाजरा आहे’ असं म्हणून मोकळं होऊ नका. गप्प बसण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही वेगळे.

काहींना तुमची सूचनाच कळलेली नसते. काहींना कळते, पण सहावीत येऊनही इंग्रजी अक्षरं लागत नाहीत आणि कार्ड हातात आलं की ते उघड पडेल ही भीती असते. काही मुलं ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर होती, ती नुकतीच गावी परतलेली असतात. वर्ग पुढे गेलेला, मित्रांचे गट बदललेले. काहींच्या घरी अहिराणी, पावरी, गोरमाटी किंवा पारधी बोलतात. त्यांना शाळेत मराठी बोलतानाही एकदा टोकलेलं असतं, मग इंग्रजी तर लांबच. कुणाला फळ्यावरचं दिसत नसतं, कुणाला नीट ऐकू येत नसतं, कुणी सकाळपासून काही खाल्लेलं नसतं. आणि एखादी मुलगी इतकी पुढे असते की तिला तुमचा खेळ बाळबोध वाटतो. तीही गप्पच दिसते.

पहिल्या दिवशी परीक्षा घेऊ नका. त्याऐवजी नुसत्या हालचालींचा खेळ घ्या. ‘टच द वॉल. टच समथिंग ब्लू. सिट डाउन. वॉक टू द विंडो.’ बोलायचं काहीच नाही, फक्त ऐकून करायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ही पद्धत नवख्यांसाठी अजूनही फार चांगली आहे. तुम्ही खेळ घेत असताना दुसऱ्या स्वयंसेवकाने कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघायचं. शब्द ऐकताक्षणी कोण वळतं? दुसऱ्याचं बघून कोण हलतं? कोण जागचं हलतच नाही? ऐकताक्षणी वळणारी पण तोंड न उघडणारी मुलं बरीच निघतात. त्यांना इंग्रजी शिकवायची घाई नाही, बोलायची जागा करून द्यायची आहे. बघून हलणाऱ्यांना मात्र आधी शब्द द्यावे लागतील.

३. पहिल्या तासाला कुणालाही एकट्याला उभं करू नका

‘चला, एकेकाने पुढे येऊन आपली ओळख करून द्या’ ही शिबिराची सगळ्यात वाईट सुरुवात. पाठ असलेली मुलं ‘माय नेम इज, माय फादर्स नेम इज’ एका दमात म्हणतात, ज्याला जमत नाही तो चाळीस जणांसमोर अडखळतो आणि पुढचे सगळे दिवस भिंत धरतो.

सुरुवात सगळ्यांनी एकदम ओरडण्याने करा. गोंगाट हा लाजऱ्या मुलाचा आडोसा असतो. चाळीस तोंडांतून ‘गुड मॉर्निंग’ निघताना आपलं चुकलं तर कुणाला कळत नाही. आधी हळू, मग मोठ्याने, मग म्हाताऱ्या आजोबांच्या आवाजात, मग बसकंडक्टरच्या आवाजात. मग निम्म्यांनी प्रश्न, निम्म्यांनी उत्तर. मग पाच-पाचांच्या गोलात चेंडू टाकत नावं. चाळिसांचा आवाज विसांवर, मग पाचांवर, मग दोघांवर असा उतरत आणायचा. एकट्याने बोलायची वेळ तिसऱ्या-चौथ्या दिवसाआधी आणू नका, आणि काहींच्या बाबतीत ती आलीच नाही तरी बिघडत नाही.

तुम्हाला मुलं काय म्हणणार तेही ठरवा. ‘सर-मॅडम’पेक्षा ‘दादा-ताई’ बरं. सर म्हटलं की हात आपोआप मागे जातात.

४. बाक हलवा, गट लहान करा

सहा जणांच्या गटात दोघं बोलतात, दोघं लिहितात आणि दोघं लपतात. चारांच्या गटात लपणं कठीण, जोडीत अशक्य. म्हणून जास्तीत जास्त काम जोडीत आणि चौकडीत.

गप्प मुलाला त्याच्या मित्रापासून तोडू नका. एक ओळखीचं माणूस शेजारी राहू द्या, बाकीचे बदला. त्याच्या गटात वर्गातला सगळ्यात हुशार मुलगाही घालू नका, तो मदत म्हणून सगळं स्वतःच उरकतो. मध्यम, जरा बडबड्या मुलाबरोबर गप्प मूल लवकर खुलतं. मुलं-मुली वेगळ्या बसायची पद्धत असेल तर पहिले दोन दिवस तशाच जोड्या ठेवा. आल्याआल्या मिसळायला लावलं तर मुली पुतळ्यासारख्या बसतात आणि घरूनही निरोप येतो.

गटात कामं वाटताना एक चकवा असतो. गप्प मुलाला हमखास ‘तू चित्र काढ’ किंवा ‘तू वेळ बघ’ असं काम मिळतं आणि तो आनंदाने त्यात दडी मारतो. प्रत्येक कामाला एक वाक्य जोडून द्या. वेळ बघणाऱ्याने ‘टू मिनिट्स लेफ्ट!’ म्हणायचंच. सामान आणणाऱ्याने ‘फोर पेन्सिल्स, प्लीज’ म्हटल्याशिवाय पेन्सिली मिळणार नाहीत. चित्र काढणाऱ्याने रंग मागून घ्यायचे. तेच वाक्य सकाळभरात सात-आठ वेळा तोंडातून गेलं की घट्ट बसतं.

५. हसण्याचा बंदोबस्त पहिल्याच दिवशी

मुलं एकमेकांना हसतात. ‘कुणी हसायचं नाही’ असं बजावलं की ती तोंड दाबून हसतात आणि ते जास्त लागतं. वाक्य चुकलं म्हणून तुम्हीच नक्कल केलीत तर मग विचारायलाच नको. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये मुलांना मारायला जशी बंदी आहे तशीच मानसिक छळालाही आहे, हे स्वयंसेवकांच्या बैठकीत एकदा वाचून दाखवा.

यावर उत्तम उतारा म्हणजे आपण स्वतः विद्यार्थी होणं. ज्या मुलाच्या घरची बोली वेगळी आहे त्याला (त्याची तयारी असेल तरच) म्हणा, ‘मला तुझ्या भाषेत पाणी मागायला शिकव.’ तो सांगेल, तुम्ही चुकाल. वर्ग हसेल, तुम्हीही हसा आणि पुन्हा म्हणा. तिसऱ्यांदा जमलं की तो मान डोलावेल. या पाच मिनिटांत दोन कामं होतात. चुकलं तरी आभाळ कोसळत नाही हे सगळ्यांना दिसतं, आणि एरवी मागे बसणारा मुलगा काही वेळ गुरुजी होतो.

६. मराठीवर बंदी घालू नका

‘मराठी बोलेल त्याला एक रुपया दंड’ हा प्रकार अजूनही चालतो. परिणाम एकच: बोलणारी इंग्रजीत बोलतात, न बोलणारी मराठीतही बोलायची थांबतात.

तयारी मराठीत, सादर इंग्रजीत, एवढा नियम पुरे. जोडीत काय म्हणायचं ते मराठीत ठरवू द्या. खेळ कसा खेळायचा हेही एकदा मराठीत सांगून टाका, नाहीतर निम्मा वेळ ‘काय करायचं म्हणतायत?’ यात जातो. अगदी मराठीत उत्तर आलं तरी ते घ्या, इंग्रजीत म्हणून दाखवा आणि त्याच्याकडून हलकेच म्हणवून घ्या.

सुतळीवर एक तक्ता कायम टांगलेला हवा, अडलेल्यांच्या वाक्यांचा. इंग्रजी वाक्य आणि खाली देवनागरीत उच्चार: ‘से इट अगेन, प्लीज.’ ‘स्लोली, प्लीज.’ ‘हाउ डू यू से छत्री इन इंग्लिश?’ ‘आय नीड टाइम.’ ‘पास.’ शेवटचे दोन फार महत्त्वाचे. ‘पास’ म्हणायची मुभा असली की मुलं ती दोन दिवस वापरतात, मग वापर आपसूक कमी होतो. आणि ‘पास’ म्हणणं हेही इंग्रजीत तोंड उघडणंच आहे.

७. अडेल असे खेळ घ्या

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घाला. खेळ निवडताना एकच प्रश्न स्वतःला विचारा: गप्प मूल काही न बोलता हा खेळ पार पाडू शकेल का? उत्तर ‘हो’ असेल तर खेळ बदला.

एसटीचं वेळापत्रक. दोन कागद करा, ‘अ’ आणि ‘ब’. दोन्हींवर तालुक्याच्या स्टँडवरून सुटणाऱ्या आठ गाड्या, गावं मुलांच्या ओळखीची. ‘अ’वर चार गाड्यांच्या वेळा कोऱ्या, ‘ब’वर उरलेल्या चार. जोडीने पाठीला पाठ लावून बसायचं, कागद दाखवायचा नाही, विचारून कोऱ्या जागा भरायच्या. ‘व्हॉट टाइम इज द बीड बस?’ ‘सेव्हन फिफ्टीन.’ एवढंच इंग्रजी लागतं.

आता काय होतं ते बघा. बडबड्या मुलगा पहिल्या मिनिटाला मागे वळून कागद ओढायला जातो. शिट्टी वाजवून परत बसवा. मग तो घाईने विचारतो आणि थांबतो, कारण पलीकडून उत्तर आल्याखेरीज त्याची जागा भरत नाही. पलीकडची मुलगी आधी ‘सव्वासात’ म्हणते, मग तक्त्याकडे बघते, ओठ हलवते, ‘सेव्हन... फिफ्टीन.’ तो ‘सेव्हन फिफ्टी?’ म्हणून लिहायला लागतो आणि ती एकदम म्हणते, ‘नो, नो! फिफ्टीन!’ एरवी वर्गात शब्द न काढणारी मुलगी वर्गातल्या शहाण्याला इंग्रजीत दुरुस्त करते, तेही कुणी सांगितलेलं नसताना. म्हणून वेळापत्रकात पंधरा-पन्नास, तेरा-तीस अशा फसव्या वेळा मुद्दाम घाला.

पाठीला पाठ लावण्याचं कारण असं की नजरेला नजर भिडत नाही, त्यामुळे लाज निम्मी होते. शिवाय पलीकडे ऐकू जावं म्हणून आवाज आपोआप चढतो, ‘मोठ्याने बोल’ म्हणावं लागत नाही.

याच पद्धतीने आठवडी बाजार करता येतो: एकाकडे भाजीचे भाव, दुसऱ्याकडे पिशवी, यादी आणि शंभर रुपयांचे खोटे पैसे. किंवा एकाकडे गावाचा नकाशा आणि दुसऱ्याकडे पोचवायची चिठ्ठी. साचा तोच, एकाकडे आहे ते दुसऱ्याकडे नसलं पाहिजे.

पळतं श्रुतलेखन. बाहेरच्या भिंतीवर चार-पाच सोपी वाक्यं टांगा. जोडीतल्या एकाने पळत जाऊन वाक्य वाचायचं, डोक्यात धरून परत यायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. पळणारा दमलेला, वाक्य अर्धं विसरलेला, सगळीकडे आरडाओरडा. या धांदलीत लाजायला कुणाला सवड नसते. दर शिट्टीला पळणारा आणि लिहिणारा बदला, नाहीतर हुशार मुलगा शेवटपर्यंत पळत राहतो. अक्षरं न लागणाऱ्या मुलांसाठी वाक्यांऐवजी चित्रं टांगा: त्याने बघून सांगायचं, दुसऱ्याने काढायचं.

सह्या गोळा करा. कागदावर आठ चौकोन: पोहता येणारा, घरी शेळी असलेली, पहाटे पाचला उठणारा, मिरची न खाणारी. ‘कॅन यू स्विम?’ ‘डू यू हॅव अ गोट?’ विचारत हिंडायचं, हो म्हणेल त्याची सही घ्यायची, एका माणसाची एकच. चौकोन भरताना गप्प मुलांकडे काय आहे ते आधी हळूच माहीत करून घ्या. एकट्याच मुलाच्या घरी बैलजोडी असेल, तर बैलजोडीचा चौकोन घाला. वर्गातला प्रत्येक जण त्याच्याकडे येईल आणि तेच उत्तर त्याला वीस वेळा द्यावं लागेल.

ओळखीचे खेळही असेच वळवून घ्या. ‘शिवाजी म्हणतो’ इंग्रजीत मस्त चालतो, फक्त चुकणाऱ्याला बाद करू नका. बाद होतात ती नेमकी आपलीच मुलं, आणि मग ती अर्धा तास निवांत बघत बसतात. चुकला तो पुढे येऊन हुकूम सोडणार, असं ठेवा. ‘मामाचं पत्र हरवलं’मध्ये रुमालाऐवजी पाकीट घ्या, आत चिठ्ठी: ‘जंप लाइक अ फ्रॉग.’ ज्याला सापडलं त्याने फक्त वाचायचं, उड्या बाकीच्या सगळ्यांनी मारायच्या. गप्प मुलाच्या एका वाक्यावर अख्खा गोल बेडूक होतो, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. चिठ्ठीवर चित्रही काढा, वाचता न येणाऱ्याचं अडायला नको.

हातमोज्याची बाहुली, कागदी मुखवटा, खोटा फोन यांचाही उपयोग होतो. बोलतोय तो माकड, आपण नव्हे, असं असलं की चूकही माकडाचीच.

गुणांची स्पर्धा मात्र टाळा. गटाला गुण मिळायला लागले की संथ मुलावर गटातलेच डाफरतात. चुरस हवीच असेल तर सगळ्या वर्गाची घड्याळाशी लावा: काल सहा मिनिटं लागली, आज पाचात होतं का?

८. प्रश्न विचारायची सवय बदला

हात वर करायला सांगू नका, त्याच आठ मुलांचे हात येणार. आधी प्रश्न, मग थोडी शांतता, मग जोडीत बोलणं, आणि शेवटी कुणाचं तरी नाव. नाव आधी घेतलं की उरलेले एकोणचाळीस सुटलो म्हणून खिडकीबाहेर बघतात. हाच क्रम अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये ‘विचार करा, जोडीत बोला, सगळ्यांना सांगा’ असा मांडला. वर्गात आणायला यापेक्षा स्वस्त काही नाही.

शांतता सगळ्यात कठीण. शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांत पाहिलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. आपल्या मुलांना तर मनात मराठीतून इंग्रजीत यायचं असतं, पाच-सहा सेकंद द्या. मनात सावकाश आकडे मोजा. पहिल्यांदा ते फार अवघड वाटेल आणि तुम्ही स्वतःच उत्तर देऊन टाकाल. शेजारच्या स्वयंसेवकाला सांगून ठेवा, तशी वेळ आली की त्याने खोकावं.

पाट्यांचा उपयोग इथे करा. प्रश्न विचारला की सगळ्यांनी पाटीवर एक शब्द लिहून एकदम वर धरायचा. आवाज न करता चाळीस उत्तरं मिळतात, आणि गप्प मुलाचं बरोबर असेल तर ते तुम्हाला दिसतं. मग जोडीचं बोलणं झाल्यावर निःशंक त्याचं नाव घ्या. उत्तर बरोबर असल्याचं त्याला आधीच माहीत असतं.

९. चूक कधी काढायची, कौतुक किती करायचं

मूल बोलत असताना टोकू नका. ‘माय ब्रदर गो टू पुणे’ म्हणालं तर तुम्ही म्हणा, ‘ओह, युवर ब्रदर गोज टू पुणे! बाय ट्रेन?’ बरोबर रूप कानावर पडलं आणि गप्पाही तुटल्या नाहीत. चुका वहीत टिपून ठेवा, शेवटच्या दहा मिनिटांत तीन-चार वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहा आणि जोडीने दुरुस्त करायला सांगा. उच्चाराच्या मागे तर लागूच नका. आपल्या सगळ्यांचं इंग्रजी मराठी वळणाचंच असतं, समोरच्याला कळलं म्हणजे झालं.

कौतुकातही धोका आहे. ‘अरे वा! आज सुनीता बोलली! टाळ्या वाजवा!’ यासारखं दुसरं नुकसान नाही. सुनीता गप्प असते हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही आता कळलं, आणि ती परत बोलणार नाही. तिने काय सांगितलं त्यावर बोला. ‘तीन शेळ्या? नावं काय त्यांची?’ हे तिला टाळ्यांपेक्षा पुरतं. चॉकलेटांची बक्षिसंही नकोत, ती फिरून त्याच आठ जणांच्या खिशात जातात.

१०. रोज पाच मिनिटं नोंद करा

मुलं गेल्यावर स्वयंसेवकांनी एकत्र बसून प्रत्येक नावापुढे एक खूण करायची: मान डोलावली, एक शब्द बोलला, वाक्य बोलला, स्वतःहून प्रश्न विचारला. एखाद्या नावापाशी सगळे एकमेकांकडे बघायला लागले, म्हणजे ते मूल दिवसभर कुणाच्या नजरेला पडलं नाही. उद्याचा पहिला खेळ त्याला धरून आखा. खुणा मुलांना दाखवू नका, त्याचा निकाल लागल्यासारखा होतो.

११. कुठे थांबायचं

सगळं करूनही एखादं मूल बोलत नाही. खेळात येतं, हसतं, लिहितं, पण आवाज नाही. तेवढ्यावर समाधान माना, ऐकून शिकणंही शिकणंच.

काही गोष्टी मात्र शिबिराच्या आवाक्याबाहेरच्या असतात. घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत कुणाशीच, मराठीतही बोलत नसेल, तर पालक आणि वर्गशिक्षकांना सांगा; रोगाचं नाव तुम्ही देऊ नका. ऐकू येत नसावं किंवा दिसत नसावं असं वाटलं तरी शाळेला कळवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची आरोग्य पथकं शाळांमध्ये तपासणीला येतात, शाळा त्या मुलाचं नाव पुढे करू शकते. तोतरं बोलणाऱ्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, त्याला हवा तेवढा वेळ घेऊ द्या. मूल अचानक गप्प झालं असेल, अंगावर वळ असतील, कुणाचं नाव निघताच घाबरत असेल, तर चौकशी करत बसू नका. मुख्याध्यापकांना लगेच सांगा आणि १०९८ वर फोन करा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

१२. शेवटच्या दिवशी स्टेज नको, जत्रा भरवा

समारोपाला सरपंच येतात, सगळ्यांना भाषण हवं असतं, आणि मग पाच चुणचुणीत मुलं नाटक करतात, उरलेली पस्तीस सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. एवढे दिवस केलेलं एका सकाळीत पुसलं जातं.

त्याऐवजी व्हरांड्यात दहा-बारा टेबलं मांडा. प्रत्येकावर तीन-चार मुलं आणि त्यांची एकच गोष्ट: आमच्या गावातली झाडं, भाकरी कशी करतात, एसटीचं वेळापत्रक, माझी शेळी. पाहुण्यांच्या आणि पालकांच्या हातात एकेक कागद द्या. टेबलावरच्या मुलाने तीन वाक्यं इंग्रजीत सांगितली की तोच त्या कागदावर शिक्का मारणार. शिक्का बटाट्याचा चालतो. आईवडिलांना इंग्रजी येत नसलं तरी काही अडत नाही, शिक्का हवा म्हणून ते ऐकतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. समोर एका वेळी दोन-तीनच माणसं, वाक्यं तीच, माणसं बदलती. पहिल्या पाहुण्याला पुटपुटत सांगणारं मूल सातव्या-आठव्याला हातवारे करून सांगायला लागतं. टेबलावरची मुलं दर वीस मिनिटांनी बदला, म्हणजे त्यांनाही जत्रा फिरता येते. सरपंचांनाही भाषणाआधी कागद देऊन आत सोडा.

झाल्यावर नोंदींची वही वर्गशिक्षकांच्या हातात द्या आणि कोणत्या मुलाला कोणता खेळ मानवला ते दोन ओळींत लिहून ठेवा. अ-ब कागदांचा जास्तीचा संच शाळेतच राहू द्या. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात आणखी थोड्या उशिरा. त्या आठवड्यात वर्गशिक्षकांना एक फोन करा, कारण कागद कपाटात गेले की दिवाळीपर्यंत बाहेर येत नाहीत.